गुडघ्याचं अस्तर

कॉटनपेट, बेंगळूर
वटपौर्णिमेनंतरचा मंगळवार, १९६४

पुष्पे,

आशीर्वाद डावीकडे लिहायचे की मधोमध, यावर सुब्बारावांनी माझी अर्धी दुपार खाल्ली. शेवटी म्हटलं, लिहूच नका, ती धरून चालेल. तर धरून चाल.

आपल्या माडीवरचे भाडेकरू सुब्बाराव तुला आठवतात ना? जन्मभर लोकांची पत्रं वाटली, आता माझी लिहितात. (मी पोस्टमन नव्हतो. पोस्टमास्तर होतो. — सुब्बाराव) काय खरडलंत ते वाचून दाखवा बघू. बरं बाई, मास्तर होते.

कॉटनपेटातून मल्लेश्वरला टपालानं पत्र धाडणारी या गावात मी एकटीच असेन. घोड्याच्या जटक्यात बसलं की तुझं हॉस्टेल आलंच. पण तुझ्या बापानं फर्मान काढलंय, पुष्पा या उंबऱ्यात येणार नाही आणि या उंबऱ्यातलं कुणी तिच्याकडे जाणार नाही. पत्राचं बोलायचं राहिलं त्याच्याकडून. ज्या घरात आईला अक्षर येत नाही तिथे पत्राची भीती कोण बाळगतो?

त्या जयनगरच्या पाहुण्यांची गोष्ट मी अजून आल्यागेल्याला सांगते. मुलाच्या आत्यानं केवढ्या गोडीनं विचारलं होतं, "इन्स्टिट्यूटमध्ये नेमकं काय करता तुम्ही?" आणि तू म्हणालीस, "उंदरांच्या शेपट्या सोलते." आत्याबाईनं उप्पिटाची बशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. उप्पीट चांगलं झालं होतं गं. नंतर मी खाल्लं.

पण हसून झालं की मनात येतं, या शेपटीपायी पोरीनं घर सोडलं, तर त्या शेपटीत आहे तरी काय? मला नीट लिही. मोठे शब्द घालू नकोस, सुब्बाराव ते कळल्यासारखा चेहरा करतात आणि मग मला सांगता येत नाहीत.

माझं म्हणशील, तर हाताची बोटं सगळी एका अंगाला वळलीत, वरात बघायला निघाल्यासारखी. सुई धरणं संपलं. गुडघा भोपळ्याएवढा. बाकी झकास.

तुझी अज्जी, तानूबाई
(डाव्या अंगठ्याची निशाणी. शाई जास्त झाली. — सुब्बाराव)


मल्लेश्वर
४ जुलै १९६४

अज्जी,

तुझं पत्र मेसमध्ये उघडलं आणि इतकी हसले की वॉर्डन बघायला आल्या. सुब्बारावकाकांना नमस्कार, पोस्टमास्तर म्हणून.

शेपटीत दोरा आहे. उंदराची शेपटी सोलली की आत पांढरेशुभ्र, रेशमासारखे तंतू निघतात. त्यांना कोलॅजन म्हणतात. तुझ्यामाझ्या कातडीत, हाडांत, सांध्यांत तोच दोरा. आपलं सगळं अंग त्यानं शिवलंय म्हण. तीन पदरांचा पीळ असतो, आणि इतका घट्ट की पोटात अन्न पचवणारे रससुद्धा त्याच्यापुढे हात टेकतात.

आता बेडकाचं पिल्लू घे. त्याला शेपूट असते, बेडूक होताना ती नाहीशी होते. गळून पडत नाही, जागच्या जागी विरते. मग तो दोरा तोडला कुणी? दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दोघांनी दाखवलं की शेपटीची जिवंत कातडीच एक एन्झाइम सोडते. एन्झाइम म्हणजे शरीरानं स्वतःसाठी घडवलेलं हत्यार, काम करून न झिजणारं. हे हत्यार कात्रीसारखं आहे. पिळाला एका जागी छेद देतं, पुढचं आपोआप उसवत जातं.

आणि मला वाटतं, तुझ्या गुडघ्यात तीच कात्री चालू आहे. नुसतं वाटतं, अज्जी. कुणी दाखवलेलं माझ्या वाचनात नाही. सांध्याला आतून एक पातळ पडदा असतो. तुझ्यासारख्या दुखण्यात तो सुजतो, जाड होतो आणि शेजारची कूर्चा, हाड, सगळं खात सुटतो. तो पडदा ती कात्री सोडत असेल, तर दोन गोष्टी होतील. ती मोजता आली, की सांधा वाकडा व्हायच्या आधीच कळेल कुणाचा वाकडा होणार आहे. आणि तिला अडवणारं औषध शोधता आलं, तर तो होणारच नाही.

पण मला ती सापडत नाही. इस्पितळातून औषधात बुडवलेले पडद्याचे तुकडे मिळतात, ते मी वाटते, गाळते, तपासते. काही नाही. आमचे सुधींद्र सर म्हणतात, दसऱ्यापर्यंत काही दिसलं नाही तर हे टेबल दुसऱ्या कामाला देऊ. टेबल गेलं की काम संपलं. आणि निघताना अण्णा म्हणाले होते, "काम संपलं की घरी येशील आणि मी सांगेन तिथे लग्न करशील." मी रागात "सरी", बरं, म्हणून बसले. अण्णा शब्द विसरत नाहीत, तुला माहीत आहे.

पुष्पा


कॉटनपेट
आषाढी एकादशी

पुष्पे,

उपास आहे, म्हणजे साबुदाणा खाऊन पडलेय आणि डोकं मोकळं आहे.

तुझं पत्र सुब्बारावांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. आता जिन्यावर भेटेल त्याला कोलॅजन सांगत सुटलेत. (फक्त दूधवाल्याला सांगितलं. — सुब्बाराव)

तू पडदा पडदा काय म्हणतेस? शिंप्याची नात तू. आतून लावतात ते अस्तर. म्हणजे माझ्या गुडघ्याचं अस्तर कोटाला खायला लागलंय, असंच ना? साठ वर्षं शिवणात गेली, कापड खाणारी कसर पाहिली, झुरळं पाहिली, कोट खाणारं अस्तर पहिल्यांदाच ऐकतेय. आणि तेही आपल्याच घरात निघावं!

दसरा म्हणालीस आणि मला आप्पाजी कारागीर आठवला. त्या वर्षी आयुधपूजेला सगळ्यांची हत्यारं मांडली, आणि दुसऱ्या दिवशी उचलायच्या आधीच हा सासरवाडीला पळाला. त्याचं अंगुस्तान राहिलं पूजेत. एवढंसं, बोटावर चढवायचं. आपल्याकडे पूजेतलं हत्यार ज्याचं त्यानं उचलायचं, आणि शेवटचं उचलेपर्यंत दुकान उघडायचं नाही. तुझ्या बापानं माणूस पाठवून त्याला मंड्याहून आणवला. तोवर दुकान बंद. दिवाळीचे कपडे अडकलेले, गिऱ्हाईकं दारात शिव्या देतायत, आणि हा पायरीवर मारुतीसारखा बसलेला. असला माणूस तुझा 'सरी' विसरेल होय?

आता मला एक सांग. दोन वर्षांमागे त्या हाडांच्या डॉक्टरानं माझा गुडघा उघडून आतलं सुजलेलं काढून टाकायचं म्हटलं होतं. तुझा बाप, श्रीधर, नको म्हणाला. ते काढायचं म्हणत होता ते हेच अस्तर का? आणि काढून ते टाकतात कुठे?

अज्जी


मल्लेश्वर
२९ जुलै

अज्जी,

हो, तेच. आणि टाकतात बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये. त्यात पडलं की ते मेलं. आता कळतंय की मी चुकत होते. बेडकाच्या शेपटीतही वाटून काही मिळालं नव्हतं. ही कात्री म्हणे शरीर घडवून साठवत नाही, लागेल तशी जिवंत पेशी घडवते आणि बाहेर सोडते. म्हणून त्या दोघांनी शेपटीचे जिवंत तुकडे कोलॅजनच्या दुधी जेलीवर ठेवले, अंगाच्या उबेत. जिथे कात्री सुटली तिथे जेली विरून स्वच्छ वर्तुळ पडलं.

जेली मी बनवलीय. उंदरांच्या शेपट्यांची, हातानं काढलेली, ढगासारखी दिसते. पण तिच्यावर ठेवायला जिवंत अस्तर (घे, म्हटलं अस्तर) मला कोण देणार? मी इस्पितळात जाऊन विचारलं. तिथले एक साहेब म्हणाले, "बाई, पेशंटचा तुकडा म्हणजे दुकानातलं चिंध्यांचं गाठोडं नव्हे." हॉस्टेलवर येऊन रडले. सरांनी चिठ्ठी दिली, तिचं उत्तर नाही.

आणि तू हे का विचारलंस? मनात काही आणू नकोस. यातून औषध निघालं तर ते पुढे, कितीतरी पुढे. तुझ्यासाठी नाही. शिवाय ही कात्री शरीराला लागतेही. बाळंतपणानंतर गर्भाशय आवरून घ्यायला, जखम भरून यायला. सरसकट सगळीकडची बोथट केली तर दुसरंच काही बिघडेल. मी तुला खोटी आशा लावणार नाही.

पुष्पा


कॉटनपेट
ऋषिपंचमी

पुष्पे,

मधे पत्र नव्हतं कारण मी कामात होते. म्हातारीला काम कसलं, असं सुब्बाराव विचारतायत. लिहा मुकाट्यानं.

मी त्या डॉक्टराकडे जाऊन आले. तुझी आई सोबत होती. इंदिरा या घरात आल्यापासून नवऱ्याला न विचारता बाहेर पडायची ही पहिली वेळ, जटक्यात माझा हात असा आवळून बसली की गुडघ्यापेक्षा तोच दुखला. पण आली हो.

डॉक्टर म्हणाले, अजून करण्यासारखा आहे, उशीर केलात. मुलाला बोलवा, सही लागेल. मी म्हटलं, "गुडघा कुणाचा?" ते हसले. मी हसले नाही. म्हटलं, "लग्न माझं मला न विचारता झालं, पोरं झाली ती देवाला विचारून. हा एक गुडघा माझा राहिलाय. अंगठा कुठे लावू सांगा." मग म्हटलं, "आणि आतून जे काढाल ते माझ्या नातीला द्यायचं, ऊन ऊन, बरणीत न घालता. माझं अस्तर आहे, इस्पितळाचं नाही." त्यांनी कागद पुढे सरकवला. मग म्हणाले, "तुमच्या नातीला म्हणावं, बाटली घेऊन ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभी राहा."

पितृपंधरवड्यातला दिवस घेतलाय. त्या दिवसांत कुणी ऑपरेशनला येत नाही, खाट लगेच मिळते. पितर रागावले तर रागावू देत, त्यातले निम्मे माझ्या सासरचे आहेत, त्यांची मला सवय आहे.

अज्जी
(मी विरोध केला होता. काठी आपटली गेली. — सुब्बाराव)


मल्लेश्वर
१६ सप्टेंबर

अज्जी,

नाही. नाही म्हणजे नाही.

मी तुझ्याकडे तुकडा मागितला नव्हता. तू ऑपरेशनच्या टेबलावर असताना मी बाहेर बाटली धरून उभी राहू? तुझं वय, तुझं हृदय, भूल, पुढची जखम. काही झालं तर मी त्या जेलीच्या बशीकडे कोणत्या तोंडानं बघू? माझं टेबल गेलं तर जाऊ दे. जयनगरची आत्या उंदीर विसरेल. मी लग्न करीन, उप्पीट करीन, शिवण शिकेन.

डॉक्टरांना निरोप पाठव की तू येत नाहीस.

पुष्पा


पतंगे टेलर्स, कॉटनपेट
१९ सप्टेंबर १९६४

चि. पुष्पावतीस,

तुझी आणि आईची पत्रं चालतात हे मला आज कळलं. सुब्बारावांनी सांगितलं नाही. टेबलावर तुझं जुलैचं पाकीट दिसलं, बाकी इंदिरानं सांगितलं.

माझे वडील ऑपरेशनच्या खोलीत चालत गेले आणि मी त्यांना हातगाडीवरून घरी आणलं. तेव्हा तुझा जन्म नव्हता. म्हणून आईच्या गुडघ्याला मी नको म्हटलं. कंजूषपणानं नव्हे, अडाणीपणानंही नव्हे. तुला तुझ्या प्रयोगासाठी तुकडा हवा, आणि आईला तुझ्यासाठी काहीही कमी वाटत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी तू तिच्या डोक्यात हे भरलंस.

तिला थांबव. तुझंच ती ऐकेल. एवढं केलंस तर मागचं मी काढणार नाही. घरी ये. तुझी खोली आहे तशी आहे.

श्रीधर


इस्पितळ, बायकांचा वॉर्ड
घटस्थापनेआधीचा शनिवार

पुष्पे,

जिवंत आहे. हे आधी लिहायला लावलं, कारण सुब्बारावांना गुडघ्याच्या वर्णनापासून सुरुवात करायची होती.

बापाचं पत्र तू मला जसंच्या तसं पाठवलंस, वर स्वतःची एक ओळ नाही. तेव्हा कळलं, पोरीची बोबडी वळलीय. मग मी काय केलं असेल? श्रीधर जेवायला बसल्यावर सुब्बारावांना खाली बोलावलं आणि त्याचंच पत्र त्याच्यासमोर मोठ्यानं वाचायला लावलं. 'हातगाडी' आली तिथे तो उठला. ताटावरून उठायचं नाही म्हटलं. बसला. मी म्हटलं, "बाळ, तुझे वडील गेले ते ऑपरेशननं नाही, उशिरानं. आतडं फुटल्यावर नेलं होतं, तू पोरगाच होतास, तुला कुणी सांगितलं नाही. आता तू मला उशीर करतोयस." त्यानं उरलेला भात संपवला. ताक न पिता हात धुतले. दुसऱ्या दिवशी जटका मात्र त्यानंच आणला. मला चढवताना पाठीमागची उशी दोनदा ठोकून मांडली, आणि रागानं ठोकतोय असं दाखवत होता.

आणि पोरीला माझ्या डोक्यात काही भरायची गरज लागते, हे त्याला वाटलं तरी कसं? राग आला मला त्याचा. एवढी वर्षं माझ्याच घरात राहून आईला एवढंच ओळखलं?

तू बाहेर होतीस ते मला माहीत आहे. भूल कमरेखाली होती, तोंड आणि कान चालू होते. डॉक्टर म्हणाले, "घ्या, तुमची नात सायकलवर आलीय." मी म्हटलं, बघू द्या काय काढलंत. दाखवलं. शी! ओलं, केसाळ, तांबडं, भिजलेल्या मखमलीच्या चिंधीसारखं. असलं अस्तर आमच्या दुकानात कुणी उंबऱ्याआत घेतलं नसतं.

शेजारच्या खाटेवर कस्तुराबाई आहे, कोलारची, तोच आजार. तिला सगळं सांगितलं. ती म्हणते, माझंही काढणारच आहेत, तुझ्या नातीला लागेल का? पलीकडची पण विचारतेय. मी म्हटलं, रांगेत या.

माझा गुडघा वाकतो. थोडा. वाकवताना सिस्टरला मी काय काय बोलले ते सुब्बाराव लिहीत नाहीत.

आता एक काम कर. ज्या कात्रीनं तू माझ्या अस्तराचे तुकडे केलेस ती मला हवीय. सुब्बाराव गुरुवारी तुझ्याकडे येतील, त्यांच्याकडे दे. मला एकदा डोळ्यानं बघायचीय.

अज्जी


मल्लेश्वर
८ ऑक्टोबर

अज्जी,

बसून वाच. म्हणजे काकांना बसून वाचू दे.

पडलं. वर्तुळ पडलं.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर एका टोकाला अण्णा होते, एका टोकाला मी. मधे दोघेजण बसतील एवढी जागा. बाटली मिळाली तशी पोटाशी धरली आणि सायकल हाणली. आल्याआल्या छोट्या कात्रीनं तुकडे केले, जेलीवर मांडले, उबेत ठेवले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी मला वाटलं की माझेच डोळे निवळतायत. त्याच्या पुढच्या सकाळी बशी उजेडाकडे धरली तर ढगाला भोकं. तुझ्या प्रत्येक तुकड्याभोवती काचेसारखी स्वच्छ जागा. उकळून मारलेल्या तुकड्यांभोवती काही नाही. म्हणजे जिवंत अस्तरच सोडतंय.

आणि आणखी एक. भूल द्यायच्या आधी तुझं थोडं रक्त घेतलं होतं ना, त्याचं वरचं पाणी मी एका बशीत घातलं. तिथे वर्तुळ पडलंच नाही. तुझ्या रक्तातच तिला धरून ठेवणारं काहीतरी आहे, अज्जी. म्हणजे तिला अडवता येतं. कसं, कशानं, ते मला माहीत नाही. पण येतं. मोजायचं मात्र अवघड होणार, कारण रक्तात ती धरलेलीच सापडेल.

सर आले. बशी फिरवून फिरवून बघितली. चष्मा पुसला, पुन्हा बघितली. म्हणाले, "एका माणसाचा एक गुडघा म्हणजे काही नव्हे. दुसऱ्या कुणाच्या अस्तरावर करून दाखव." मी म्हटलं, रांग लागलीय सर. त्यांना कळलं नाही. टेबल माझ्याकडेच राहणार आहे.

तेव्हा काम संपलेलं नाही, आणि माझं 'सरी' लागू होत नाही. अण्णांना हे मी लिहिलं नाही. लिहायला बसले की बाकावरची ती मधली जागा दिसते.

कात्री काकांकडे देतेय. उकळून, पुसून, कापडात बांधलीय. बघून झाली की लगेच परत पाठव, मला लागते.

पुष्पा


कॉटनपेट
विजयादशमी

पुष्पे,

रक्तातच अडवणारा होता तर मेला आजवर काय करत होता, एवढं विचार त्याला. झोपला असेल.

बाकी ऐकून मी सिस्टरनं शिकवल्यासारखा पाय वर केला आणि खाली केला, आनंदानं. मग रडले थोडी. मग चहा मागितला.

तुझी कात्री पाहिली. केवढीशी गं! नखं काढायची वाटली. पण तिनं तानूबाईला कापलंय, म्हणजे साधी नाही. तर मी काल काय केलं सांगते.

काल आयुधपूजा. दुकानात पाटावर नेहमीसारखी मांडामांड. तुझ्या बापाची मोठी कात्री, दोन मशिनी, इस्त्री, गज, कारागिरांच्या सुया, अंगुस्तानं. मी काठी टेकत गेले, दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पायानं, आणि तुझी कात्री झेंडूच्या पाकळ्यांखाली सरकवली. श्रीधरनं मंत्र म्हटले, सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं. तिच्यावरही वाहिलं. स्वतःच्या हातानं. मान खाली घालून नमस्कार केला. मी मागे उभी होते. इंदिरा पदर तोंडात धरून उभी होती.

आज सकाळी उचलायची वेळ. ज्यानं त्यानं आपापलं उचललं. पाट मोकळा झाला आणि मधे ही एवढीशी, कुंकवाचं बोट लावलेली.

श्रीधर म्हणाला, "ही कुणाची?"

कारागीर एकमेकांकडे बघतायत. मी म्हटलं, "ज्याची त्याची."

"आई, कुणाची?"

"पुष्पीची. हिनंच माझं अस्तर कापलं, आणि त्यात कुणालाही न सापडलेलं तिला सापडलं. तिचं काम संपलेलं नाही. संपणारही नाही, मी वॉर्डात रांग लावून आलेय. तुझ्या कात्रीला हळद लागते आणि तिच्या नाही, असं कुठे लिहिलंय ते सुब्बारावांना वाचून दाखवायला सांग, मला तर वाचता येत नाही."

तो लाल झाला. "उचल ती," म्हणाला मला.

"माझी नाही. मी कशी उचलू?"

इंदिराकडे बघितलं. इंदिरा आत गेली. स्वतः पुढे झाला, हात लांबवला, आणि हात तिथेच राहिला. त्याच्या आज्यापासूनची रीत आहे, पुष्पे. जी त्यानं आप्पाजीवर लादली ती त्याला मोडता येते होय?

म्हणून आत्ता दुकान बंद आहे. दिवाळीची गिऱ्हाईकं दाराशी जमलीत, एक शेट्टी तर मला खिडकीतून विचारून गेला की घरात काही वाईट तर नाही ना. मी म्हटलं, उलट. तुझा बाप पायरीवर बसलाय, मारुतीसारखा. सुब्बारावांना जटक्यानं पाठवतेय, पत्र हातात देतील. पुढच्या दारानं ये. मागच्या दारानं आलीस तर मी ओळख दाखवणार नाही. आपलं हत्यार आपल्या हातानं उचल, कपाळाला लाव आणि ज्या कामाचं आहे त्या कामाला घेऊन जा. कस्तुराबाईचं ऑपरेशन सोमवारी आहे.

घाई करू नकोस. सावकाश ये. इतक्या दिवसांनी याला असं बसलेलं बघायला मिळतंय.

अज्जी

(तानूबाईंनी अंगठा उमटवल्यावर श्रीधररावांनी कागद माझ्या हातून घेतला आणि खाली स्वतः लिहिलं. मी वाचलेलं नाही. — सुब्बाराव)

पुष्पा, गिऱ्हाईकं थांबली आहेत, लवकर ये. आईचं ऐकू नकोस, सावकाश नको. कात्री जवळून पाहिली. हात न लावता. पातं जुनं आहे, धारेला टोकाशी खाच पडलीय, त्यानं नाजूक काम नीट होणार नाही. उचललीस की माझ्याकडे दे. सहाणेवर धार लावून देतो.

अण्णा